पाकिटावरच्या रेघा

मुंबईहून रात्री सुटलेली देवगिरी एक्स्प्रेस पहाटे चारच्या सुमारास छत्रपती संभाजीनगरच्या स्थानकात शिरली, तेव्हा पौषातल्या थंडीने फलाटावरचे दिवेसुद्धा अंग आकसून उभे असल्यासारखे दिसत होते. आणि एका हातात कपड्यांची पिशवी व दुसऱ्या हातात चावीच्या ग्रामोफोनची काळी पेटी सांभाळीत मी खाली उतरलो, तो मनाशी हेच घोळवीत, की ज्या गाडीने मी आलो तिचे नाव आणि ज्या कामासाठी आलो ते काम ह्या दोहोंचे गोत्र एकच आहे. देवगिरी म्हणजे आजचा दौलताबादचा किल्ला. आणि तेराव्या शतकात यादव राजा सिंघण ह्याच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला तो ह्याच राजधानीच्या आश्रयाने. त्या ग्रंथकाराच्या नावाने शहरातील महागामी गुरुकुल दर वर्षी जानेवारीत शार्ङ्गदेव समारोह भरविते. तो ऐकावा हा माझ्या येण्याचा एक हेतू होता. दुसरा हेतू अधिक खाजगी. औरंगपुऱ्यातील एका जुन्या वाड्यात राहणाऱ्या वृद्ध बाईंपाशी त्यांच्या सासऱ्यांच्या ग्रामोफोन तबकड्यांनी भरलेली ट्रंक होती, आणि ती कोणा ऐकणाऱ्या माणसाच्या हवाली करावी अशी त्यांची इच्छा असल्याचे एका स्नेह्याने मला पत्राने कळविले होते.

तबकड्या गोळा करण्याचा नाद मला लागला त्याला आता तीस वर्षे होऊन गेली. मुंबईच्या चोरबाजारात आणि पुण्याच्या जुन्या बाजारात मी किती सकाळी घालविल्या ह्याची गणती नाही. आणि १९९० साली मुंबईत स्थापन झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ह्या संस्थेच्या बैठकांत जाणत्या मंडळींच्या पाठीमागे बसून तबकडीवरच्या चिठ्ठीचे रंग आणि तिच्या कडेला कोरलेले अंक कसे वाचावेत हेही शिकलो. परंतु ह्या सगळ्या अभ्यासातून माझ्या मनात एक श्रद्धा हळूहळू दृढ झाली होती, ती अशी, की उत्तम तबकडी तीच, जी फारशी कोणी वाजविलेली नाही. माझ्या घरच्या कपाटाचा वरचा कप्पा अशाच कोऱ्या तबकड्यांनी भरला होता. त्यांतल्या काही मी विकत घेतल्यापासून एकदाही सुईखाली घातल्या नव्हत्या. त्या आहेत, जशा छापल्या गेल्या तशाच आहेत, एवढ्या जाणिवेनेच मला तृप्ती वाटे. ह्या श्रद्धेची तपासणी ह्या प्रवासात व्हावयाची होती, हे मात्र फलाटावरून बाहेर पडताना माझ्या ध्यानीमनीही नव्हते.

सकाळी ऊन कोवळे असतानाच मी दौलताबादेस पोहोचलो. शहराच्या वायव्येस पंधरा किलोमीटरांवर एकाकी उभी असलेली ही सुमारे २०० मीटर उंचीची टेकडी, खालच्या अंगाने चहूबाजूंनी तासून तिचे कडे भिंतीसारखे उभे केलेले, भोवती खडकात खोदलेला खंदक आणि पुढे वर चढण्यासाठी तो प्रसिद्ध अंधारा भुयारी मार्ग, हे सारे पाहताना बहुतेक प्रवाशांना वेढे आणि लढाया आठवतात; मला आठवला तो एक हिशेबनीस. शार्ङ्गदेवाचा आजा भास्कर काश्मीरहून दक्षिणेत आला, बाप सोढल यादवांच्या सेवेत अधिकारावर चढला, आणि स्वतः शार्ङ्गदेव राज्याच्या श्रीकरणाचा, म्हणजे पुढच्या अंमलातील भाषेत बोलावयाचे तर दफ्तराचा व जमाखर्चाचा, मुख्य होता. दिवसा ज्या हातांनी महसुलाचे आकडे पडताळावेत त्याच हातांनी ह्या पुरुषाने स्वर, राग, प्रकीर्णक, प्रबंध, ताल, वाद्य आणि नृत्य अशा सात अध्यायांत तोपर्यंतच्या साऱ्या संगीतविद्येची मोजदाद करून ठेवली. हिंदुस्थानी आणि कर्नाटक ह्या दोन्ही पद्धती आज ज्या थोड्या ग्रंथांना आपले समान पूर्वज मानतात त्यांत ह्याचे स्थान फार वरचे आहे.

मोजदाद हा शब्द मी जाणून वापरतो. सप्तकातील २२ श्रुती कानाला पटवून देण्यासाठी त्याने दोन वीणा घ्यावयास सांगितल्या, प्रत्येकीवर २२ तारा. एक ध्रुववीणा, जी जशी लावली तशीच राहावयाची, आणि दुसरी चलवीणा, जिच्या तारा एकेका श्रुतीने उतरवीत न्यावयाच्या आणि प्रत्येक पायरीवर पहिलीशी ताडून पाहावयाच्या. मला ही कृती एखाद्या चोख खतावणीसारखी वाटते; एका बाजूला कायम असलेली बाकी, दुसऱ्या बाजूला होत गेलेली घट, आणि दोहोंच्या मेळातून निघणारे सत्य. शार्ङ्गदेव वैद्यकही जाणत होता; म्हणूनच नादाचा विचार करण्यापूर्वी तो देहाच्या उत्पत्तीचा विचार करतो आणि मग नादाचे दोन प्रकार सांगतो, अनाहत आणि आहत. अनाहत नाद योग्यांचा. तो आघातावाचून आहे आणि लोकांच्या कानी येत नाही. आपल्या वाट्याला जो येतो, ज्याचे गाणे होते, तो आहत; काहीतरी कशावर तरी आदळल्यावाचून, घासल्यावाचून तो जन्मत नाही. भुयारातून चाचपडत वर चढताना, पायाखालच्या पायऱ्या शतकांच्या पावलांनी गुळगुळीत झालेल्या असताना, हा भेद माझ्या मनात पुनःपुन्हा येत राहिला.

दौलताबादेहून पुढे खुलताबाद फार दूर नाही. चिश्ती परंपरेतील सूफी बुऱ्हानुद्दीन गरीब हे दिल्लीच्या निजामुद्दीन औलियांचे शिष्य. १३३७ साली ते निवर्तले, आणि त्यांचा दर्गा येथेच आहे. समा, म्हणजे भक्तिगायनाचे श्रवण, ही त्यांची साधना होती आणि समाच्या भरात त्यांचे अनुयायी ज्या विशिष्ट रीतीने डोलत व नाचत ती रीत त्यांच्याच नावाने ओळखली जाई. समोरच झैनुद्दीन शिराझींच्या दर्ग्याच्या आवारात औरंगजेबाची उघडी, साधी कबर आहे. ज्या बादशहाने आपल्या दरबारातून गायनाला रजा दिली तो संगीतप्रिय संतांच्या शेजारी विसावला आहे. त्या कबरीवरच्या सब्जाच्या रोपाला वारा हलवीत होता, आणि आवारात कोणी एक म्हातारा भिंतीला टेकून, स्वतःपुरतेच, काहीतरी गुणगुणत बसला होता. मी त्याच्यापासून थोड्या अंतरावर, त्याचे गुणगुणणे थांबेपर्यंत उभा राहिलो.

संध्याकाळी महात्मा गांधी मिशनच्या आवारात समारोहास गेलो. १९९६ साली स्थापन झालेल्या महागामीत कथक आणि ओडिसी ह्या नृत्यांचे शिक्षण गुरुकुलाच्या रीतीने दिले जाते, आणि पार्वती दत्ता ह्या विदुषींच्या देखरेखीखाली चालणाऱ्या ह्या समारोहात सकाळी शास्त्राची चर्चा आणि संध्याकाळी प्रयोग अशी मांडणी असते, ती मला फार योग्य वाटते. कारण ज्या ग्रंथकाराचे नाव समारोहाला दिले आहे त्याच्या ठिकाणी शास्त्र आणि प्रयोग ही दोन घरे नव्हतीच. मराठवाड्याच्या ह्या शहराला गाण्याचे कान आहेत, आणि ते घडविणारी माणसेही इथेच झाली. नांदेडहून येथे येऊन स्थायिक झालेले, अण्णासाहेब गुंजकरांचे शिष्य पंडित नाथराव नेरळकर (१९३५–२०२१) ह्यांनी सरस्वती भुवनसारख्या संस्थेतून आणि घरच्या तालमीतून पिढ्यांमागून पिढ्या तयार केल्या. २०१४ सालचा संगीत नाटक अकादमीचा सन्मान त्यांना मिळाला तेव्हा साऱ्या मुलखाला तो आपला वाटला. आणि वेरूळ-अजिंठा महोत्सव, जो पूर्वी कैलास लेण्याच्या सान्निध्यात आणि पुढे सोनेरी महालाच्या प्रांगणात होऊ लागला, त्याने तर देशातील थोर कलावंतांना ह्या भूमीच्या उघड्या आकाशाखाली बसविले.

त्या संध्याकाळी रुद्रवीणेवर मारवा चालू होता. सूर्य नुकताच मावळला होता. मारव्यातला तो कोमल ऋषभ, षड्जाला टाळून दूरदूर फिरणारा, अंधारात घर शोधणाऱ्या माणसासारखा वाटत होता. जोड सुरू होण्याच्या बेतात असताना थंडीने एक तार किंचित चढली. वादकाने हात थांबविला, डोळे मिटले, आणि खुंटी पिळून ती तार आपल्या जागी आणण्यासाठी तीन-चार मिनिटे, कसलीही घाई न करता, तो स्वर आणि स्वराच्या आसपासचे स्वर लावीत बसला. सभागृहात कोणी खोकलेही नाही. ती तीन-चार मिनिटे मला साऱ्या मैफलीतली अत्यंत मोलाची वाटली. सकाळी देवगिरीवर ज्या चलवीणेचा विचार केला होता ती जणू माझ्यापुढे, श्रुती श्रुतीने, उतरत होती. आणि मला जाणवले, की माझ्या कपाटातल्या एकाही तबकडीत असा क्षण नाही. तबकडीतला गवई नेहमी लागलेल्या सुरातच सापडतो. त्याचा सूर लागताना पाहावयाचा असेल तर थंडीत, सतरंजीवर, त्याच्या समोर जाऊन बसले पाहिजे आणि आपल्या आयुष्यातली तेवढी मिनिटे खर्ची घातली पाहिजेत.

दुसरा दिवस रविवारचा, आणि रविवारी जाफर गेटचा आठवडी बाजार भरतो. मोंढ्याच्या त्या भागात सकाळपासून भाजीपाला, हत्यारे, जुने कपडे, सायकलींचे सुटे भाग, बंद पडलेली घड्याळे, असे नाना जिन्नस जमिनीवर पसरलेले असतात, आणि तबकड्या शोधणाऱ्याने ह्या साऱ्यांतून डोळा न ढळविता, पण पाय न थांबविता, जावे लागते. ह्याच बाजाराची माझी एक जखम जुनी आहे. बारा वर्षांपूर्वी येथेच मला ‘यंग इंडिया’ ह्या मुंबईच्या कंपनीची, १९३० च्या दशकातली, एक मराठी नाट्यपदांची तबकडी सापडली होती. तिच्यावर सुईचा ओरखडासुद्धा नव्हता. ती छातीशी धरून मी रिक्षात बसलो, एका खड्ड्यात रिक्षा आदळली, आणि घरी जाऊन पाकीट उघडतो तो तबकडीचे दोन तुकडे. ज्या गाण्याला मी अक्षत ठेवू पाहत होतो ते मी एकदाही ऐकले नव्हते, आणि आता ऐकू येण्याजोगे राहिले नव्हते.

ह्या तबकड्यांचा देहच मुळी नाजूक. लाख, म्हणजे पळस-कुसुंबाच्या झाडांवरच्या किड्यांनी तयार केलेली राळ, तिच्यात दगडाची बारीक पूड आणि काजळी मिसळून, तापवून, दाबून ती घडविलेली असते. १९०२ च्या नोव्हेंबरात ग्रामोफोन कंपनीचा तंत्रज्ञ गायस्बर्ग ह्याने कलकत्त्यास गौहरजान वगैरेंचे आवाज मुद्रित केले, तेव्हापासून साधारण १९७० पर्यंत आपल्याकडे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या ह्याच तबकड्यांचे राज्य होते; दहा इंची तबकडीच्या एका बाजूस जेमतेम सव्वातीन मिनिटे. तीन तास गाणारे गवई त्या सव्वातीन मिनिटांत आपला राग कसा बांधीत असतील हा विचार मनात आला, की आजही मला त्यांच्यासमोर हात जोडावेसे वाटतात. पुढे व्हिनाइलच्या लाँग-प्ले तबकड्या आल्या, बाजूस वीस-वीस मिनिटे मिळू लागली, आणि ख्यालाला श्वास घ्यावयास जागा झाली.

बाजाराच्या टोकाशी एका वृद्ध विक्रेत्याने पोत्यावर पाचपन्नास तबकड्या मांडल्या होत्या. मला वाकलेला पाहून तो म्हणाला, “पुरानी प्लेटां हैं साब, आराम से देखो.” मी आरामाने पाहिल्या. तबकडी उन्हात तिरपी धरावी म्हणजे चरे दिसतात; मधल्या भोकात बोट घालून नखाने कडेवर टिचकी मारावी, नाद खणखणीत आला तर अंग धड, बद्द आला तर कोठेतरी केसाएवढी चीर. बऱ्याचशा चित्रपटगीतांच्या होत्या, काही कव्वालीच्या. हैदराबादच्या अझीझ अहमद खान वारसींचे नाव पाहून ह्या मुलखाचे जुने लागेबांधे आठवले. आणि मग एका फाटक्या वेष्टनातून उस्ताद अमीर खाँसाहेबांची ती १९६० सालची लाँग-प्ले बाहेर आली, जिच्या एका बाजूस मारवा आणि दुसऱ्या बाजूस दरबारी आहे. मारव्याची बाजू चऱ्यांनी पांढुरकी झालेली होती. नेहमीच्या सवयीने मी ती खाली ठेवली. मग काल रात्रीची ती चढलेली तार आठवली, आणि पुन्हा उचलली. “चाचा, ह्याचे काय द्यायचे?” असे विचारताच तो हसून म्हणाला, “ये तो बहुत बजी हुई है साब,” आणि त्याने किंमत माझ्यावरच सोपविली. मी योग्य वाटली ती दिली.

तेथून औरंगपुऱ्यात गेलो. गुलमंडीवरून वळून आत शिरले की रहदारीचा गोंगाट अचानक मागे राहतो, आणि लाकडी दारांचे, उंच जोत्यांचे काही वाडे अजून तग धरून उभे दिसतात. त्यांपैकी एका वाड्याच्या ओसरीवर पत्रातल्या त्या वृद्ध काकू माझी वाट पाहत बसल्या होत्या. वय अठ्ठ्याऐंशी, पण आवाज खडा. “बसा भाऊ. गाडीत झोप झाली का नाही? आधी चहा घ्या, मग ट्रंक काढू,” असे म्हणून त्यांनी सुनेला हाक मारली.

त्यांचे सासरे निजामाच्या अंमलात महसूल खात्याच्या कचेरीत कारकून होते. त्या राज्यात दफ्तराची भाषा उर्दू. घरी मराठी, कचेरीत उर्दू, आणि देवघरात संस्कृत अशा तीन भाषांतून त्यांचा दिवस जाई. कामानिमित्त हैदराबादेस जाणे झाले की ते एक-दोन तबकड्या घेऊन येत. लोखंडी ट्रंकेत त्या उभ्या, मध्ये मध्ये जुन्या हिमरूचे तुकडे घालून, नीट लावलेल्या होत्या; चाळीस-बेचाळीस असतील. मी पहिली बाहेर काढली आणि तिच्या कागदी पाकिटाकडे पाहत राहिलो. पाकिटाच्या मागल्या बाजूस पेन्सिलीने बारीक उभ्या रेघा मारलेल्या होत्या, चार उभ्या आणि पाचवी त्यांना छेदणारी आडवी, अशा जुड्यांमागून जुड्या. दुसरी काढली, तिच्यावरही. प्रत्येक पाकिटावर.

“ते मामंजींचं,” काकू म्हणाल्या. “एकदा वाजवली की एक रेघ. ते म्हणायचे, सरकारच्या पैचा हिशेब ठेवायचा आणि गाण्याचा नाही ठेवायचा, हे कसं चालेल? दर वाजवण्याला ती थोडी झिजते. झीज आपण केली, तर नोंद आपण करावी.”

त्या गृहस्थांचे म्हणणे शास्त्राला धरूनच होते. ग्रामोफोनची पोलादी पिन एका बाजूला एकदाच वापरावयाची असते. तबकडीतली दगडाची पूड पहिल्या काही फेऱ्यांतच पिनेचे टोक घासून त्याला खाचेच्या आकाराचे करते, म्हणजे गाणे ऐकू यावे म्हणून आधी सुई झिजते, आणि सुई बदलण्यात कसूर केली तर मग तबकडी. आहत नादाची शार्ङ्गदेवाने सांगितलेली अट इथे डोळ्यांनी दिसते.

मग त्यांनी स्वतः ट्रंकेच्या तळातून एक पाकीट काढले. ओडियन कंपनीची तबकडी; अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी. ह्या पाकिटावर पेन्सिलीच्या रेघा होत्या ३७. त्यांच्याखाली जांभळ्या शाईच्या, वेगळ्या हाताच्या, किंचित तिरप्या रेघा ६१. आणि उर्दूत दोन ओळींचा शेरा. त्याची हकीकत काकूंनी सासूबाईंकडून ऐकलेली, ती मला सांगितली. १९४८ च्या आरंभी रझाकारांच्या धामधुमीत हे कुटुंब वाडा बंद करून मनमाडला, मुंबई इलाख्यात, नातलगांकडे गेले. ग्रामोफोन आणि तबकड्या नेणे शक्य नव्हते. शेजारी उर्दू शाळेतले एक मास्तर राहत. त्यांच्याकडे पेटी व ट्रंक ठेवून सासरे गेले. सप्टेंबरात पोलीस कारवाई झाली, संस्थान हिंदुस्थानात विलीन झाले, आणि दिवाळीच्या सुमारास मंडळी परतली, तेव्हा मास्तरांनी सगळा ऐवज जसाच्या तसा आणून दिला. आणि हे एक पाकीट वेगळे काढून, खाली मान घालून सांगितले, की अमानतीतल्या बाकीच्या तबकड्यांना आपण हात लावला नाही, पण ही मात्र राहवले नाही म्हणून वाजविली, आणि जितक्या वेळा वाजविली तितक्या वेळा सासऱ्यांच्याच रिवाजाप्रमाणे रेघ मारली आहे. शेऱ्यात तारखा होत्या आणि एकंदर आकडा होता. “मामंजींनी रेघा मोजून पाहिल्या म्हणे,” काकू म्हणाल्या, “आणि मग दोघांनी मिळून ती पुन्हा लावली.” त्यानंतरच्या रेघा पुन्हा पेन्सिलीच्या, ९४.

मी ग्रामोफोन उघडला. काकूंच्या घरच्या यंत्राची कमान तुटून पुष्कळ वर्षे झाली होती. त्यांनी ही ठुमरी ऐकल्याला तितकीच. मी चावी दिली, नवी पिन बसविली, आणि साउंड बॉक्स हळूच खाली टेकविला. प्रथम आली ती नुसती खरखर, ओढ्यात वाळू वाहावी तशी; आणि मग त्या खरखरीच्या पलीकडून, फार लांबून, तो आवाज. कैरान्यात १८७२ साली जन्मलेला, मिरजेस स्थिरावलेला, आणि १९३७ साली दक्षिणेत सिंगापेरुमल कोइल ह्या लहानशा रेल्वे स्थानकाच्या फलाटावर ईश्वरस्मरण करीत शांत झालेला तो पुरुष, ज्याने सांगलीच्या देवलांसारख्या निवृत्त डेप्युटी कलेक्टरांच्या श्रुतिसंशोधनाला आपला गळा दिला होता, तो ह्या ओसरीवर गात होता. काही जागी खाच इतकी झिजली होती, की मला स्वर ऐकू येतच नव्हता. वरच्या षड्जाच्या आसपास तर केवळ खरखर उरली होती. मी काकूंकडे पाहिले. नेमक्या त्या जागी त्यांचे ओठ हलत होते, आणि स्वर परत उगवण्याच्या क्षणभर आधी त्यांची मान समेवर खाली आली. तबकडीने जे गमावले होते ते त्यांच्यापाशी होते. ज्याला मी इतकी वर्षे नासाडी समजत आलो ते गाणे कोठेही गेलेले नव्हते. ते त्या घरातल्या माणसांच्या अंगात उतरले होते, आणि ज्या प्रमाणात अंगात उतरले त्या प्रमाणातच खाचेतून कमी झाले होते. शार्ङ्गदेवाच्या दोन वीणांसारखा हा मेळ होता. एकीकडे घट, दुसरीकडे जमा.

पिन मधल्या चिठ्ठीपाशी येऊन अडखळली, तशी मी ती उचलली. काकूंनी डोळे पुसले नाहीत की काही बोलल्या नाहीत, सुनेकडून पेन्सिल मागवून माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, “मारा रेघ.” मी मारली. ती १९३ वी होती.

निघताना त्यांनी बाकीच्या साऱ्या तबकड्या मला दिल्या, ही एक ठेवून घेतली. पैशांचा विषय मी काढला, तो त्यांनी हाताने बाजूला सारला. “एकच सांगणं आहे भाऊ. ठेवून देऊ नका,” एवढेच त्या म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी, दुपारच्या तपोवन एक्स्प्रेसला अवकाश होता म्हणून, मी बीबी का मकबऱ्याच्या उत्तरेकडच्या डोंगरातील लेण्यांत गेलो. सातव्या लेण्याच्या गाभाऱ्यात सहाव्या-सातव्या शतकातले एक शिल्प आहे: मध्ये नाचणारी एक स्त्री आणि तिच्या दोन्ही बाजूंस वाद्ये घेऊन बसलेल्या सहा जणी. नर्तकीचा कमरेतला तो बाक आणि वाजविणाऱ्यांच्या चेहऱ्यावरची तल्लीनता पाहून असे वाटते, की आता ताल कानी पडेल. मी पुष्कळ वेळ उभा राहिलो. दगडात कोरलेली बासरी वाजत नाही, म्हणून तिला फुंक पडून झिजण्याचे भय नाही. आणि म्हणूनच चौदाशे वर्षांत तिचा एकही स्वर कोणाच्या अंगात उतरलेला नाही. माझा कपाटाचा वरचा कप्पा मला तेथे दिसला. १९७७ साली व्हॉयेजर यानांतून सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी अवकाशात पाठविली गेली, तिच्यात केसरबाई केरकरांची भैरवी आहे, आणि ती वाजविता यावी म्हणून सोबत सुईसुद्धा दिली आहे. पाठविणाऱ्यांनाही ठाऊक होते, की सुई दिल्यावाचून तबकडी देणे म्हणजे गाणे देणे नव्हे.

ट्रंक सामानात चढवून मी तपोवनमध्ये खिडकीशी बसलो. दौलताबाद मागे पडताना तो एकाकी डोंगर बराच वेळ दिसत राहिला.

घरी पोहोचलो त्या रात्री वरच्या कप्प्यातून मी केसरबाईंची एक तबकडी काढली. सतरा वर्षांपूर्वी घेतलेली, कोरी, पाकिटाचा कागद अजून कडक. नवी पिन बसविली, चावी पूर्ण दिली, आणि सव्वातीन मिनिटे, दिवा मालवून, तो आवाज ऐकत बसलो. मग दिवा लावला, पेन्सिलीला टोक केले, आणि पाकिटाच्या मागल्या बाजूस डाव्या कोपऱ्यात, पुढच्यांना पुष्कळ जागा राहील अशी, पहिली रेघ मारली.